माझा कागद हवा, मी नको

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य


मी जीएनएमचा नर्सिंग अभ्यासक्रम पूर्ण केलेली, परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक हातात असलेली मुलगी. गेल्या महिन्यात आयुष्यातला पहिला नोकरीचा अर्ज घेऊन तालुक्याच्या गावातल्या एका नर्सिंग होममध्ये गेले. वीस खाटा. बायोडाटा, गुणपत्रिका, नोंदणीपत्र, सगळं फाईलला नीट लावलं होतं.

मालक डॉक्टरांनी फाईल चाळली आणि नोंदणीपत्रावर थांबले. म्हणाले, "हे ओरिजिनल ठेवून जा. नूतनीकरणाची तपासणी आहे. यायची गरज नाही, महिन्याला दोन हजार देतो. यायचंच असेल तर नऊ हजार, बारा तास ड्युटी." माझ्या कागदाची त्यांना गरज होती, माझी नव्हती.

निघताना वॉर्डात डोकावले. माझ्याच वयाची मुलगी सलाईन लावत होती. सगळे तिला सिस्टर म्हणत होते. बारावीनंतर इथेच बघून बघून शिकले, असं तिने सांगितलं. कोपऱ्यातल्या खाटेवर पहाटे बाळंत झालेली बाई डोळे मिटून पडली होती.

मंत्रिमहोदय, बाळंतीण शांत झोपली आहे असं वाटतं आणि पांघरुणाखाली रक्त जात असतं. म्हणून पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब पाहायचा, पोटावर हात ठेवून गर्भाशय टणक आहे की सैल पडलंय ते चाचपायचं. सैल लागलं तर चोळायचं आणि डॉक्टरांना तिथल्या तिथे हाक मारायची. औषधांचंही तसंच: पोटॅशियम क्लोराईडची अँप्यूल सलाईनमध्ये मिसळून, सावकाश द्यायची. तशीच शिरेत गेली तर हृदय बंद पडतं. हे बघून बघून येत नाही. आम्हाला ते शिकवलं, घोटून घेतलं, चुकल्यावर बोलणी खाल्ली, तेव्हा हात तयार झाला. त्या मुलीवर माझा राग नाही. तिला कुणी शिकवलंच नाही आणि वॉर्ड मात्र तिच्या अंगावर टाकला. तिला एएनएमच्या नर्सिंग अभ्यासक्रमाला जायची वाट मिळायला हवी.

नर्सिंग होम नोंदणीचा कायदा आपल्याकडे 1949 पासून आहे. नर्सिंग होममध्ये पात्र परिचारिकांचं योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारण्याची तरतूद त्यात आहे. पण तपासणी फाईलची होते, आणि फाईलमध्ये माझ्यासारखीचा कागद असतो.

पगाराचंही तेच. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 मधल्या आदेशानंतर केंद्राच्या समितीने स्पष्ट सांगितलं की, 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना 20,000 रुपयांपेक्षा कमी पगार नसावा. केरळने 2018 मध्ये 20,000 रुपये किमान वेतन अधिसूचित केलं. त्यासाठी तिथल्या परिचारिकांना आंदोलन करावं लागलं. मला नऊ हजार सांगितले गेले. तीन वर्षांच्या फीसाठी घरच्यांनी काढलेलं कर्ज त्यात कसं फिटणार?

माझं मागणं मोठं नाही. दर्शनी भागात दरपत्रक लावतात, त्याच्या शेजारी एक फळा असू द्या: आत्ता ड्युटीवर असलेल्या परिचारिकेचं नाव आणि तिचा नोंदणी क्रमांक. पेशंटच्या नातेवाइकालाही तो वाचता येईल. नेमणूकपत्र द्यावं, पगार बँकेत जमा व्हावा आणि कुणाचंही ओरिजिनल प्रमाणपत्र अडकवून ठेवू नये, असा लेखी आदेश काढा.

मी माझं नोंदणीपत्र परत घेऊन घरी आले. नोकरी अजून नाही. पुढची तपासणी ठरेल तेव्हा आपल्या अधिकाऱ्यांना सकाळी अकरा वाजता केबिनमध्ये पाठवू नका. रात्री दोन वाजता वॉर्डात पाठवा.

आपली,
एक नोंदणीकृत परिचारिका