'प्रभाव' आणि क्रमांक १०८

कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापुरातील एका हौशी तरुणाने संगणकावर सिद्ध केलेल्या इलेक्ट्रॉनिक धुनेवरून परिसरातील रसिकांत दोन तट पडले आहेत. एका तटाला तीत जपानी संगीताचा प्रभाव दिसतो आणि म्हणून ती थोर वाटते. दुसऱ्यालाही तोच प्रभाव दिसतो आणि म्हणून ती त्याज्य ठरते. प्रभाव आहे की नाही, हे मात्र कोणीच तपासलेले नाही. संज्ञा आधी चिकटवावयाची आणि कलाकृती मागाहून ऐकावयाची, ही मराठी समीक्षेची जुनीच खोड आहे.

धुनेतील जपानीपण मुख्यतः एका आवाजात आहे; तो कोतो या तंतुवाद्याचा. हा आवाज आला कोठून? १९९१ साली अमेरिकी व जपानी वाद्यउत्पादकांच्या संघटनांनी 'जनरल मिडी' ही संहिता मान्य केली आणि १२८ ध्वनींना क्रमांक दिले. १०५ सतार, १०६ बँजो, १०७ शामिसेन, १०८ कोतो, ११२ शहनाई, मथळा 'एथ्निक'. मिरजेचा कारागीर भोपळ्यापासून जवारीपर्यंत हाताने घडवितो ती सतार आणि जपानचा कोतो या यादीत जवळजवळ शेजारी आहेत, आणि दोन्ही सारखेच परके. (जपानी उत्पादकांनी आपलाही कोतो तेथेच बसू दिला, हे विशेष.) यादीतील एका आकड्यावर बोट ठेवणे म्हणजे प्रभाव असेल, तर खानावळीतील दरफलक वाचणे यालाही भोजन म्हटले पाहिजे.

प्रभाव या संज्ञेत प्रतिकार गृहीत आहे. घेणाऱ्याच्या सवयीला धक्का बसावा लागतो. शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजविला तो केवळ तीन ओळींचा साचा उचलून नव्हे. कोतोला सामान्यतः तेरा तारा, प्रत्येकीखाली सरकती घोडी. उजव्या हाताने तार छेडली की डावा हात घोडीपलीकडे तीच तार दाबतो आणि विरत चाललेला स्वर वर उचलतो. वाद्याचे बोलणे पुष्कळसे या दाबात आहे. धुनेच्या पहिल्या दोन मिनिटांत तो एकदाही नाही. स्वर टंकयंत्रावरील अक्षरांसारखे एकामागून एक उमटतात. हौशी आहे म्हणून हे क्षम्य, असे म्हणणारे त्या तरुणाचा अवमानच करतात.

दुसऱ्या तटाचे अज्ञान याहून दाट. ज्या स्वरावलीला तो परकी म्हणतो ती सा रे ग प ध अशी आहे. मेइजी काळापासून जपानी शालेय गीतांत रूढ झालेल्या या सप्तकाचे नावच 'योनानुकी', म्हणजे चौथा-सातवा वगळलेले. मध्यम-निषाद वर्ज्य, हे भूप शिकणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगितले जाते. स्वरावली म्हणजे राग नव्हे, हे खरेच. परंतु देशीपणाच्या नावाने भूपाचे स्वर वेशीबाहेर घालविणारा हा कोणता देशीवाद?

१९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलँड या जपानी कंपनीच्या यंत्रांवर दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली. तीत भूपालीही होता. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा शिकागोच्या ॲसिड हाउसची पूर्वसूरी म्हणून तिचा गौरव झाला. म्हणजे तेथेही माप दुसऱ्याचेच. यंत्राच्या स्वर सरकविण्याच्या सोयीत मींड शोधली गेली, ही खरी गोष्ट बाजूलाच राहिली.

मलकापूरच्या धुनेतही असे एक स्थळ आहे. तिसऱ्या मिनिटाला स्वर बदलतात: सा, कोमल रे, म, प, कोमल ध. जपानात ही मियाकोबुशी. इकडे हेच गुणकलीचे स्वर. तेथे कोमल ऋषभावर तो तरुण स्वर हलविण्याचे चाक किंचित फिरवितो आणि १०८ क्रमांकाचा तो निर्जीव आवाज भैरव अंगाने आंदोलित होतो. चारच वेळा, आणि तेही बिचकत. कोतोवादकाचा डावा हात काय करतो हे त्याला कदाचित ठाऊकही नसेल. पण त्याचा कान तेथवर गेला आहे. धुनेचे स्तुतिपाठक नेमक्या याच जागेला बेसूर म्हणतात आणि ती काढून टाकण्याचा त्याला सल्ला देतात.