पिवळ्या दिव्याची गोष्ट

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या ओट्यावर लोक दोनच कामांसाठी चढतात : जामीन मागायला, नाहीतर व्याजाचा हिशेब तपासून घ्यायला. त्यामुळे मागच्या वैशाखात, सखाराम महाराजांच्या यात्रेची गर्दी ओसरल्यावर, जिभाऊंचा मुलगा येऊन बसला तेव्हा मी सरळच विचारले, "जामीन की व्याज?" तो हसला. म्हणाला, "जामीन, काका."

त्याच्याकडे दहा चाकी ट्रक आहे. जुना घेतलेला, पण २०२० नंतरच्या नियमांचा, म्हणजे 'बीएस-सहा'. चोपड्याकडची केळी भरायची आणि शिरपूर, सेंधवामार्गे उत्तरेत न्यायची, हा त्याचा धंदा. केळी हा माल वाट पाहत नाही. आणि गाडी नेमकी बिजासन घाटात दम सोडत होती. समोरच्या पाटीवर पिवळा दिवा लागायचा, आणि मग ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी गाडी बैलगाडीच्या चालीने चढायची. हमरस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्याने त्याला उपाय सांगितला होता. संगणकातला नकाशा बदलून टर्बोचा दाब वाढवून देतो, एक छोटी डबी बसवतो. दिवा पुन्हा लागणार नाही. खर्च बावीस हजार. शिवाय फाळके उंच करून घेतले की दोन-तीन टन माल जास्त बसेल. या सगळ्यासाठी पतसंस्थेचे कर्ज, आणि कर्जाला माझी सही.

वाचकांपैकी ज्यांचा ट्रकशी संबंध मागून हॉर्न वाजवण्यापुरताच येतो, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. डिझेल इंजिनाला ताकद हवी तर डिझेल जास्त जाळले पाहिजे, आणि ते जळायला हवा जास्त पाहिजे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्याच जोरावर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबून आत कोंबायची, ही युक्ती म्हणजे टर्बो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. ही चक्रे मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतात. हवेचा दाब किती असावा हे ठरलेले असते. तो कमी पडला किंवा वाढला तर गाडीतला संगणक त्याची नोंद एका अंकाने करतो. पी ०२९९ म्हणजे दाब कमी, पी ०२३४ म्हणजे दाब जास्त. मग तो पिवळा दिवा लावतो, आणि इंजिन वाचावे म्हणून गरज पडल्यास त्याची ताकदही छाटतो.

मालकाला मात्र दिसतो तो फक्त दिवा. अंक दिसत नाही, आणि दिसला तरी त्याचा अर्थ कळत नाही. म्हणून दिवा हाच रोग वाटू लागतो.

मुलाचे बोलणे ऐकताना मला त्याचे वडील आठवत होते. नव्वदच्या दशकात आमच्या शाखेने छोट्या वाहतूकदारांना दिलेल्या कर्जांत जिभाऊंचे एक होते. गाडीच्या कपाळावर मोठ्या अक्षरांत 'टर्बो' लिहिलेले. त्या गाड्यांत संगणक नव्हता, दिवाही नव्हता. ताकद वाढवायची तर मिस्त्री डिझेल पंपाचा स्क्रू फिरवायचा. त्याला 'पंप खोलणे' म्हणत. जिभाऊंनीही पंप खोलून घेतला होता. कर्जाच्या तपासणीसाठी मी बाजार समितीच्या आवारात गेलो, चासी नंबर उतरवला, टायर मोजले. गाडी चालू झाली तेव्हा मागून डांबरासारखा काळा धूर निघाला. जिभाऊ कौतुकाने म्हणाले, "साहेब, ताकद पहा!" मीही मान डोलावली. तो धूर म्हणजे न जळलेले डिझेल होते, आणि पुढे येणाऱ्या संकटाची पहिली नोटीस होती, हे ना त्यांना कळले ना मला. सहा महिन्यांत पिस्टन वितळून इंजिन बसले. हप्ते थकले.

आता पुढचे लिहिताना हात थोडा अडखळतो. १९९२-९३ पासून बँकांना थकीत कर्जांचे नवे नियम लागू झाले होते. १९९५ पासून दोन तिमाह्या हप्ता थकला की खाते 'अनुत्पादक' ठरू लागले. २००४ मध्ये ही मुदत नव्वद दिवसांवर आली. हाही एक पिवळा दिवाच होता. १९९७ च्या मार्चअखेर जिभाऊंच्या खात्यावर तो लागणार होता आणि माझी बढतीची मुलाखत तोंडावर आली होती. मी टायर व दुरुस्तीच्या नावाखाली त्यांना एक छोटे नवे कर्ज मंजूर केले आणि ते जुन्या खात्यात वळते केले. कागदावर खाते सुदृढ झाले. दिवा विझला. जिभाऊंनी तर माझे आभार मानले.

दीड वर्षाने दोन्ही कर्जे एकदम कोसळली. वेळीच गाडी विकली असती तर हिशेब जवळजवळ मिटला असता. आता व्याजावर व्याज चढलेले. लिलावात गाडी गेली, वर घरामागचा प्लॉट गेला. जिभाऊ शेवटपर्यंत दुसऱ्यांच्या गाड्या चालवत राहिले. मला बढती मिळाली. त्यांनी मला कधी दोष दिला नाही; दोष कशाचा द्यायचा हेच त्यांना ठाऊक नव्हते. आज त्यांचा मुलगा माझ्याकडे सही मागत होता, तीही दिवा विझवण्याच्या खर्चासाठी.

मी त्याला एवढेच म्हटले, "सही नंतर. आधी तो दिवा काय म्हणतो ते वाचून घेऊ." धुळ्याला स्कॅनर असलेला एक तरुण मिस्त्री सापडला. पाच मिनिटांत अंक आला : पी ०२९९, दाब कमी. त्याने गाडी चालू ठेवून हवेच्या नळ्यांवर साबणाचे पाणी मारले. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी नळीला बोटभर चीर होती. तिथून बुडबुडे फुटू लागले. नळी आणि दोन क्लिपा, मजुरीसह दोन हजारांच्या आत काम झाले.

दाब वाढवून घेतला असता तर? फुटक्या नळीतून हवा गळतच राहिली असती, कमी पडलेला दाब भरून काढायला टर्बो आणखी वेगाने फिरत राहिला असता आणि एखाद्या रात्री घाटात त्याचा दांडाच तुटला असता. दिवा मात्र लागला नसता, कारण त्याची जीभ आधीच कापलेली. शिवाय इंजिनाची ताकद वाढवली म्हणून ब्रेकची वाढत नाही. बिजासनच्या पायथ्याशी पळासनेरला ४ जुलै २०२३ रोजी एक कंटेनर ट्रक हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसे गेली. ब्रेक निकामी झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले. त्या गाडीत काही फेरफार होता असे मी म्हणत नाही. चढणीला मिळवलेले जादा टन उतरणीला कोणाच्या अंगावर जातात, एवढेच त्या जागेवरून जाताना आठवते.

तथापि, सगळा दोष गाडीमालकाच्या माथी मारणे हे शहरी शहाणपण झाले. आमच्या खानदेशात विहिरीवरचे तेलइंजिन आवाजावरून ओळखणारी माणसे होती; बांधावर उभ्या उभ्या सांगत, व्हॉल्व्ह बसलाय की नोझल. रुडॉल्फ डिझेलचे यंत्र १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. ज्या अमळनेरात १९४५ मध्ये विप्रोचा जन्म वनस्पती तेलाच्या कारखान्यातून झाला, तिथे हे यंत्र परके वाटायचे कारण नव्हते. ते परके झाले ते त्याची भाषा कंपनीने कुलपात ठेवल्यावर. स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देण्याबद्दलच. प्रकरण अपिलात गेले. २०२२ मध्ये केंद्राने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, तिच्या विषयांत वाहनेही होती. हमरस्त्यावरच्या मिस्त्रीपर्यंत त्यातले किती झिरपले, हे गॅरेजांतून हिंडणाऱ्याला विचारावे.

आणि फसवणूक फक्त ढाब्याशेजारच्या डबीवाल्यानेच शोधून काढली असेही नाही. आपली तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करणारी युक्ती फोक्सवॅगनने सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत बसवली होती. ते २०१५ साली उघडकीला आले. आमच्या रस्त्यावरची डबी तिचीच गरीब चुलत बहीण. युरियाच्या द्रावणाची टाकी रिकामी असली तरी ती संगणकाला सांगते, भरलेली आहे. हे द्रावण धुरातल्या विषारी नायट्रोजन ऑक्साइडचा बंदोबस्त करते. शंभर लिटर डिझेलमागे ते चार-पाच लिटर लागते. तेवढे पैसे वाचतात, आणि विष रस्त्याकडेच्या गावांच्या वाट्याला येते.

कायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार परवानगीविना केलेल्या प्रत्येक फेरफारापोटी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड, अथवा दोन्ही. पण मुलाचा सवाल कायद्याच्या पलीकडचा होता : "काका, मी युरिया टाकतो, माल मापात भरतो. डबीवाला माझ्यापेक्षा कमी भाड्यात जातो. मग मी मूर्ख का?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. ते सरकारकडे आहे. फिटनेसच्या वेळी प्रत्येक गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावा, टाकीत खरोखर द्रावण आहे का ते झाकण उघडून पाहा, आणि वजनकाट्यावर सगळ्यांना सारखे मोजा. आणि कंपन्यांना सांगा की समोरच्या पाटीवर नुसता दिवा नको. दोष काय आहे, गाडी किती दूर नेता येईल, हे मराठीत, हिंदीत लिहून येऊ द्या. आयटीआयच्या पोरांना ती भाषा शिकवा. प्रामाणिक माणूस तोट्यात जाणार असेल तर दिवे विझतच राहतील.

मी सही केली. रक्कम निम्म्यावर आली. फाळके उंच करणे त्याने रद्द केले, निदान मला तरी तसे सांगितले. जामीनदार म्हणून हप्ता थकल्याची पहिली नोटीस मलाही येईल. ती आली की मी ती खिशात घालून त्याच्या घरी जाणार आहे. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी जिभाऊंच्या घरी असेच जायला हवे होते.