खोली ठरवताना विचारावयाचा एक प्रश्न

स्मरणिकेसाठी सहलीवर काही लिहावे, असा संपादकांचा आग्रह झाला. हिमशिखरांचे वर्णन माझ्याहून सरस करणारे आपल्या मंडळात अनेक आहेत. मी केवळ मुक्कामाच्या खोलीविषयी लिहितो, कारण त्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झालेली आहे.

करोनाची साथ ओसरल्यानंतरच्या एका डिसेंबरात आम्ही तीन डॉक्टर कुटुंबे हिमाचलात गेलो होतो. नाताळची गर्दी होती. आगाऊ पैसे भरून ठरवलेल्या खोल्या आम्ही पोहोचेपर्यंत दुसऱ्यांना दिल्या गेल्या होत्या. रात्री साडेनऊला, मुले पेंगत असताना, मिळेल ते छप्पर गोड मानून एका लहानशा लॉजमध्ये शिरलो. वीज गेलेली. तेथल्या वृद्ध सेवकाने दया येऊन प्रत्येक खोलीत फुललेल्या कोळशांची शेगडी आणून ठेवली. 'साब, धुआँ बिलकुल नहीं है,' असे आश्वासनही दिले. आम्ही त्याला बक्षिसी दिली आणि वारा शिरू नये म्हणून दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला!

तासाभरात पत्नीचे डोके दुखू लागले. मी ते प्रवासाच्या व उंचीच्या खात्यावर टाकले, पॅरासिटामॉल दिली. बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा ९६ आला, तेव्हा निर्धास्त झालो. इतक्यात शेजारच्या खोलीतील भूलतज्ज्ञ मित्राने दार ठोठावले. त्याच्या मुलाला उलटी झाली होती आणि त्याचेही डोके ठणकत होते. दोन खोल्यांत एकाच वेळी एकच तक्रार, हे ऐकताच आम्हा दोघांची नजर शेगडीकडे गेली. शेगड्या बाहेर काढल्या, खिडक्या सताड उघडल्या, तिसऱ्या कुटुंबाला हलवून जागे केले. उरलेली रात्र सर्वांनी कुडकुडत काढली.

कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवतो आणि साधा ऑक्सिमीटर त्या रक्ताला प्राणवायूयुक्तच समजतो, हे तीनही डॉक्टरांना पाठ होते. दमलेल्या माणसाच्या कामी ते आले नाही.

धारवाडच्या आमच्या जुन्या कौलारू घरात न्हाणीतला तांब्याचा बंब रोज पेटे. डोळे चुरचुरत, आपण बाहेर पळत असू आणि धूर कौलांतून निघून जाई. निखारा माणसाला असा हुसकावून लावत नाही. धूर नाही म्हणून तो सोज्वळ वाटतो. तरुणपणी राजगडावर पद्मावतीच्या देवळात थंडीने दात वाजत, पण तेथे वाऱ्याला कोणी अडवलेले नसे.

सर्वांचेच नशीब आमच्यासारखे नसते. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामन येथे केरळची दोन दांपत्ये व त्यांची चार मुले एका खोलीत गॅस हीटर लावून, दारे-खिडक्या बंद करून झोपली. आठही जण गेले. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे हिमवादळात हजारो वाहने अडकली. किमान बावीस माणसे मोटारींत मरण पावली, त्यांपैकी काही याच वायूने. हॉटेलांनी दर अवाच्या सवा वाढवल्याच्या तक्रारी तेव्हा झाल्या. निवाऱ्याची वानवा माणसाला काय पत्करायला लावते, हे आम्ही त्या रात्री थोडक्यात पाहिले होते.

त्या वृद्धाला मी दोष देत नाही. त्याच्याजवळ होती ती ऊब त्याने दिली. माझा आक्षेप आपल्यावर आहे. खोली ठरवताना आपण देखावा, गरम पाणी, शाकाहारी जेवण यांची कसून चौकशी करतो. खोली कशाने तापवणार, धुराडे आहे का, हवा येण्यास वाट आहे का, वीज गेल्यास काय करणार, हे विचारीत नाही. धुराडे असलेली बुखारी निराळी आणि उघडी शेगडी निराळी. मंडळाच्या हिवाळी सहलीच्या परिपत्रकात निवासाच्या रकान्याखाली हा प्रश्न छापावा, अशी माझी सूचना आहे. नाताळचा आठवडा टाळावा, हे ओघाने आलेच. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे बॅटरीवरचे लहान यंत्र मिळते. ते आता माझ्या बॅगेत असते. पत्नी त्याला 'तुमचा ताईत' म्हणते.

यंदा दूरध्वनीवरून खोली ठरवताना मी हा प्रश्न विचारला. व्यवस्थापक क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, 'हे आजवर कोणी विचारले नव्हते.' शेगडी देणार नाही, दोन जादा रजया व गरम पाण्याच्या पिशव्या देईन, असे त्याने कबूल केले. मी पैसे पाठवले.