नळाला पाणी किती दिवस आले, तेही मोजा

मा. पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



१५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली. घरटी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी, इतके ते सरळ आहे. दारात नळ आला की बाईचे किती तास वाचतात, हे आम्हा बायकांना कोणी समजावून सांगायला नको. त्यामुळे हे पत्र योजनेच्या विरोधात नाही. ठेकेदार बिल घेऊन गेल्यावर ती कोणी आणि कशाच्या जोरावर चालवायची, एवढेच विचारायचे आहे.

आठशे वस्तीचे कोरडवाहू गाव धरा. रोज ४४ हजार लिटर पाणी विहिरीतून टाकीत चढवायचे. त्याला मोटार, मोटारीला वीज, व्हॉल्व्ह फिरवायला आणि पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायला माणूस. विजेचे बिल दर महिन्याला येते; शेतकऱ्याच्या हाती पैसा मात्र सोयाबीन-कापूस विकल्यावरच येतो. पाणीपट्टी थकते ती काही अंशी इथेच. मग बिल थकते, वीज तुटते, पाणी बंद होते, आणि ‘पाणीच नाही तर पट्टी कसली?’ असे लोक म्हणतात. ज्यांच्या घरी स्वतःचा बोअर आहे, ते तर आधीपासूनच पट्टी द्यायला नाखूश. हा दोष गावाचा आहे, तो आपल्यावर ढकलत नाही.

पण काही गोष्टी गावाच्या हातातल्या नाहीत. विहीर शिवारात असली की मोटार पुष्कळदा शेतीच्या लाइनवर असते. लाइट रात्री आली तर पाणी सोडणाऱ्याने रात्री उठायचे. तुटपुंज्या मानधनावर हे काम करणारा माणूस टिकत नाही. मोटार जळाली तर वायंडिंगला तालुक्याला न्यायची आणि तोवर टँकरची वाट पाहायची. हातपंपांसाठी पंचायत समितीकडे दुरुस्ती पथके असतात. नळयोजनेसाठी तशी का नसावीत?

तिसरी गोष्ट विहिरीची. सार्वजनिक पाणीस्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेऊ नये, असा कायदा राज्यात १९९३ पासून आहे. पण तिथे बोअरची गाडी उभी राहिली तर अडवायची कोणी? ज्याचा बोअर तो सरपंचाचा भावकीतला किंवा मतदार. गावातल्या गावात हे वैर कोणी ओढवून घेत नाही. ती कारवाई तहसील कार्यालयातूनच व्हायला हवी, तक्रारीची वाट न पाहता.

योजना गावाच्या ताब्यात असावी, हे आम्हाला मान्य आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने पिण्याचे पाणी पंचायतींच्या विषयांत घातले, ते योग्यच झाले. पण विषय सोपवताना तो चालवायची ऐपतही सोपवायला हवी. पंधराव्या वित्त आयोगाने पंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवला. तरी पाइप टाकणे आणि टाकी बांधणे दिसते, म्हणून पैसा तिकडे आधी जातो. दुरुस्तीच्या कामाला कोनशिला नसते.

म्हणून मागण्या चारच आहेत. तालुक्याला नळयोजना दुरुस्ती पथक आणि एक जादा मोटार असावी. पाणी सोडणाऱ्याला प्रशिक्षण आणि वेळेवर पगार मिळावा. पाणीपट्टी सुगीनंतर एकदम भरण्याची सोय असावी आणि तोवर वीजबिलाचा भार शासनाने उचलावा. आणि शासनाच्या अहवालात नळजोडण्यांच्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना असावा: एप्रिल आणि मे महिन्यांत पाणी किती दिवस आले. हा रकाना पाणी समितीतल्या बायकांनी भरावा आणि ग्रामसभेत वाचून दाखवावा. ज्या गावाचा आकडा कमी, त्या गावाला पुढच्या वर्षी दुरुस्तीचा निधी आधी मिळावा.

आपली नम्र,
गावच्या पाणी समितीची एक सदस्य