अ‍ॅप छोटे, पण बटण मोठे हवे!

ठाणे स्थानकाच्या पुलावर एका हातात बॅग, दुसऱ्या हातात मोबाइल. पुढची डोंबिवली लोकल कितीची, एवढेच प्रवाशाला हवे असते. २०१०मध्ये सचिन टेके यांनी आणलेले ‘एम-इंडिकेटर’ अंगवळणी पडले ते यामुळेच. स्टेशन निवडले की वेळापत्रक समोर, तेही इंटरनेटशिवाय. दिसण्याचा नखरा नाही.

आज अनेक छोटी अ‍ॅप आधी लॉगिन मागतात, मग लोकेशन. जाहिरात तर बटणाला खेटूनच. तोवर गाडी सुटते. बटण किमान ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटरचे असावे, असे गुगल अँड्रॉइड डेव्हलपरना सांगते. हलत्या डब्यात तेही अपुरे वाटते. ते स्क्रीनच्या खालच्या भागात, अंगठ्याजवळ असले तर निभावते. मराठी मजकुराच्या ओळींत मोकळी जागाही हवी, नाहीतर वेलांट्या-उकार कापले जातात. एकट्या डेव्हलपरकडे चाचणीचा खर्च नसतो, हे खरे. पण संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये उभ्याने अ‍ॅप वापरून पाहायला तिकिटापलीकडे खर्च नाही.