तिकीट काढण्याआधी वही काढा

भिलाईत टेनिस खेळणाऱ्या मुलांच्या आई-बाबांना एक विनंती आहे. मुलांना परदेशातल्या स्पर्धांना जरूर पाठवा. पण एकेकटे पाठवू नका, घाईने पाठवू नका आणि वहीत मांडल्याशिवाय तर अजिबात पाठवू नका.

हे शहाणपण मला पैसे घालवून आलेलं आहे. मी हिशेब खात्यातला माणूस. दुसऱ्यांच्या बिलांवर लाल शाईने प्रश्नचिन्हं काढायचा मला पगार मिळतो. पण मुलीच्या पहिल्या परदेश दौऱ्याच्या वेळी हा हिशेबनीस घरीच राहिला आणि विमानात बसला तो हरखलेला बाप.

ती तेव्हा चौदा वर्षांची होती. एका एजंटाने पॅकेज सांगितलं: थायलंड, नऊ रात्री, विमान-हॉटेल-गाडी सगळं त्यातच. मी पैसे भरून मोकळा झालो. त्यानंतर स्पर्धेची यादी लागली आणि मुलगी वेटिंगवर निघाली. दुर्ग स्टेशनवरून वेटिंगच्या तिकिटावर आपण कितीदा गाडीत चढलो आहोत. वाटलं, होईल कन्फर्म. झालंही. पात्रता फेरीत ऐनवेळी जागा मिळाली आणि पन्नास मिनिटांत ६-२, ६-१ असा सामना आटोपला. वार शनिवार. परतीचं तिकीट पुढच्या रविवारचं, तारीख न बदलणारं.

उरलेले आठ दिवस करायचं काय? सरावाला कोर्ट मिळेना, कारण ज्यांचे सामने बाकी त्यांचा हक्क आधी. मुलगी हॉटेलच्या पार्किंगमध्ये भिंतीवर चेंडू मारत राहिली. तिसऱ्या दिवशी व्हिएतनामहून आलेल्या एका प्रशिक्षकाने तिला आपल्या मुलींबरोबर खेळायला बोलावलं. त्याच्याबरोबर चार मुली, एक भाड्याची गाडी, एक भाताचा कुकर आणि एक जाडजूड वही. कोण किती वाजता खेळणार, कुणाच्या रॅकेटचं गटिंग तुटलं, कुणाच्या नावावर किती खर्च पडला, सगळं त्या वहीत. त्यांच्यातलीही एक पहिल्याच दिवशी हरली होती, पण तिचा आठवडा फुकट गेला नव्हता. ती मैत्रिणींचे सामने बघायची, संध्याकाळी त्यांच्याशी खेळायची, रात्री वहीत बेरीज करायची. माझ्या मुलीचे पुढचे चार दिवस त्यांच्यातच गेले. येताना विमानात ती एवढंच म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी आपण दोघंच नको."

तेव्हापासून जो भेटेल त्याला मी हेच सांगत असतो.

आधी ही व्यवस्था नीट समजून घ्या. आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) ज्युनिअर स्पर्धा १३ ते १८ वयाच्या मुलांसाठी असतात. तेरावा वाढदिवस होईपर्यंत त्या खेळता येत नाहीत, आणि पुढची काही वर्षं वर्षाकाठी किती खेळायच्या यालाही वयाप्रमाणे मर्यादा असते. जे-३०, जे-६०, जे-१०० अशा पायऱ्या जे-५०० पर्यंत जातात आणि त्यांच्या वर ग्रँड स्लॅमच्या ज्युनिअर स्पर्धा. आकडा म्हणजे एकेरीच्या विजेत्याला मिळणारे गुण. क्रमवारीसाठी एकेरीतले सर्वांत चांगले सहा निकाल धरतात आणि दुहेरीतल्या सहा निकालांचे पाव गुण मिळवतात. खालच्या पायऱ्यांवर पहिल्याच फेरीत हरलं तर हातात भोपळा. याचा अर्थ ध्यानात घ्या: क्रमवारीला वीस दौरे लागत नाहीत, सहा चांगले आठवडे लागतात. पासपोर्टवरच्या शिक्क्यांना गुण नाहीत.

स्पर्धेसाठी नाव आयपिन या आयटीएफच्या नोंदणी खात्यातून द्यायचं असतं. त्याची मुदत स्पर्धेच्या साधारण चार आठवडे आधी संपते आणि नाव मागे घ्यायची मुदत साधारण दोन आठवडे आधी. त्यानंतर माघार घेतली तर दंड लागू शकतो. म्हणून यादीत मूल कुठे आहे ते बघूनच तिकीट काढा. आधी काढायचंच असेल तर चार पैसे जास्त द्या, पण बदलता येणारं काढा. वेटिंगवर असलेल्या मुलाला घेऊन समुद्र ओलांडू नका. वेटिंगचं मूल पुण्याला नेता येतं. कोर्टावर जागा नाही मिळाली तर रात्रीच्या गाडीने परत येता येतं.

पुण्याचं नाव उगीच घेतलं नाही. रायपूर-नागपूरच्या आयटा (अखिल भारतीय टेनिस संघटना) स्पर्धा तर आपल्या अंगणातल्याच, पण आयटीएफच्या ज्युनिअर स्पर्धाही पुणे, दिल्ली, चंडीगढ, कोलकाता इथे होत आल्या आहेत. आपल्याकडून आझाद हिंद एक्स्प्रेस थेट पुण्याला जाते आणि हावड्याला जायला एक रात्र पुरते. माझा घरगुती नियम असा: देशातल्या आयटीएफ स्पर्धेच्या मुख्य फेरीत दोन सामने जिंकल्याशिवाय घरात विमानाचं नाव काढायचं नाही. पाचशे रुपयांच्या स्लीपरमध्ये जे कळतं ते कळण्यासाठी लाख रुपयांचं तिकीट कशाला?

लवकर बाहेर जाणंच ज्यांच्या हिताचं असतं अशीही मुलं असतात. पुण्याचा मानस धामणे इटलीत रिकार्डो पियाटी यांच्या अकादमीत सरावाला गेला आणि जानेवारी २०२३ मध्ये, पंधराव्या वर्षी, पुण्यातल्या टाटा ओपन या मोठ्यांच्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत उतरला. आपलं मूल त्या वाटेवर आहे का, हे शेजाऱ्याला विचारू नका आणि अकादमीच्या माहितीपत्रकालाही विचारू नका. गेल्या वर्षभराचे निकाल समोर ठेवा, ते खरं सांगतात.

आणि पुढची वाट किती महाग आहे हेही आजच ऐकून ठेवा. सुमित नागलने २०१५ मध्ये विम्बल्डनला मुलांच्या दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. पुढे तो देशातला एकेरीचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू झाला. त्याच नागलने २०२३ मध्ये उघडपणे सांगितलं की बँकेत जेमतेम ९०० युरो उरलेत आणि वर्षाचा खर्च कोटीच्या घरात जातो. ज्युनिअर दौऱ्यांतच घरचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी संपवली, तर खरी गरज लागेल तेव्हा डबा रिकामा असेल. दुसरी वाटही बघून ठेवा. पुण्याचा अर्जुन कढे आणि ऋतुजा भोसले अमेरिकेतल्या विद्यापीठांकडून खेळले, तो ओक्लाहोमा स्टेटकडून, ती टेक्सास ए अँड एमकडून. ऋतुजाने पुढे २०२३ च्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. मुलाला त्या वाटेने न्यायचं असेल तर दौरे आखायची रीत बदलते आणि शाळेचे गुणही तेवढेच मोलाचे ठरतात.

आता वही उघडा. पानावर दोन रकाने पाडा: 'ठरलेला' आणि 'झालेला'. विमान आणि हॉटेल कुणीही लिहितं. माणूस फसतो तो बारीक खर्चात: प्रवेश फी, सरावाचं कोर्ट आणि चेंडू, गटिंग, कपडे धुणं, फोनचं रिचार्ज, विमानात जास्त झालेलं वजन, विमा, मुलगी अनपेक्षित जिंकत गेली तर बदलावं लागणारं तिकीट. (हा शेवटचा खर्च आनंदाने करा, पण लिहून ठेवा.) एकूण बेरजेचा दहावा हिस्सा राखीव ठेवा. परदेशाचं पॅकेज घेतलं तर एजंट त्यावर टीसीएस हा कर घेतो. तो आयकर विवरणपत्रात वळता करता येतो, म्हणून पावती फेकू नका. आमच्या खात्यातली शिकलेली माणसंही हे विसरतात.

मग भागाकार करा. समजा, प्रशिक्षकाचं विमान, खोली, जेवण आणि मानधन मिळून दोन आठवड्यांचे १,६०,००० रुपये होतात. एका घराने उचलायचे तर तेवढेच. चार घरांनी उचलले तर प्रत्येकी ४०,०००. गाडीचं भाडं चौघांत वाटलं जातं, खोली दोघांत. शिवाय चौघं असली की सरावाला जोडीदार मिळतो आणि दुहेरीची जोडी घरचीच असते. लागोपाठच्या दोन आठवड्यांत एकाच गावात दोन स्पर्धा असतील तोच दौरा निवडा. एका भाड्यात दोन संधी मिळतात. सुरुवात जवळून करा. कोलंबो, काठमांडू, ढाका, बँकॉकजवळचं नोंथाबुरी इथे ज्युनिअर स्पर्धा होतात. बँकॉकला आपल्याला कोलकात्याहून सोयीचं, कोलंबोला चेन्नईहून. युरोपचा दौरा चार वर्षं थांबला तरी काही बिघडत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण इथे नशिबाचा प्रश्नच नाही, फक्त आळसाचा आहे. मुलांचा पासपोर्ट साधारण पाच वर्षांचा किंवा अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंतचा असतो, आणि बऱ्याच देशांना त्याची सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी बारा वर्षांवरच्या मुलाला बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, म्हणजे भिलाईहून मोठ्या शहराची एक फेरी आली. मोठ्यांची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. आई-बाबा दोघंही बरोबर नसतील तर दोघांच्या सह्यांचं नोटरी केलेलं संमतीपत्र हवं. शाळेला तारखा आधी लेखी कळवा. सीबीएसईला ७५ टक्के हजेरी लागते. औषधांच्या पिशवीत सर्दीच्या गोळ्या टाकण्याआधी क्रीडावैद्यकाला दाखवा. स्यूडोएफेड्रीन असलेल्या गोळीने सामन्याच्या काळात ज्युनिअर खेळाडूही उत्तेजक चाचणीत अडकू शकतो.

आणि एक गोष्ट संकोच न करता बोला. मुली जात असतील तर बरोबर एक आई, मावशी किंवा मोठी बहीण असलीच पाहिजे. प्रशिक्षक कितीही ओळखीचा असो, मूल आणि तो एका खोलीत राहणार नाहीत, हे जाण्याआधी कागदावर लिहा. चांगल्या प्रशिक्षकाला याचा राग येत नाही.

आता मदत मागणाऱ्यांशी आणि देणाऱ्यांशी थोडं बोलायचं आहे. वर्गणीवर खेळाडू परदेशी पाठवणं ही आपली जुनीच रीत. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू गेले, त्यामागे पुण्याचा डेक्कन जिमखाना आणि दोराबजी टाटा होते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले तेव्हा गावाने पैसे जमवले आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. जाधव कांस्यपदक घेऊन आले. ही गोष्ट सांगून आपल्याकडे बरेच जण कर्ज काढायला निघतात. पण ती पुरती ऐका. जाधव १९४८ मध्ये लंडनला सहावे आले होते. पात्रता सिद्ध झाली होती, अडलं होतं फक्त भाड्यावाचून. घर गहाण पडलं ते अशा माणसासाठी. आपल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या पहिल्या जे-३० साठी सोनं मोडू नका. आजीच्या पाटल्यांना क्रमवारीचे गुण नसतात.

मदत मागायची असेल तर गणपतीच्या वर्गणीची शिस्त पाळा: पावती, खर्चाचा तक्ता आणि उरलेल्या पैशांचा जाहीर हिशेब. आपल्या शहरात कारखान्यात आयुष्य काढलेली माणसं आहेत, त्यांना आकडे वाचता येतात. "मुलगी परदेशात खेळणार आहे" असं सांगून हात पसरू नका. "यादीत नाव आलंय, चौघं जातोय, एवढे आमचे, एवढे कमी पडतात," असं सांगा. देणाऱ्यांनीही आधी वही मागा. वही नसेल तर शुभेच्छा द्या, पैसे देऊ नका.

तेव्हा या रविवारी सकाळी मुलांना कोर्टावर सोडून गाडी लगेच वळवू नका. तिथल्याच दोन-तीन पालकांबरोबर चहा घ्या. कुणाचं मूल कोणत्या पायरीवर आहे, कुणाची परीक्षा कधी, कोण सुट्टी काढू शकतं, एवढंच बोला. एकाला वही आणायला सांगा. शंभर पानी पुरेल.

आमचा दुसरा दौरा आम्ही तीन घरांनी मिळून केला. माझी मुलगी पहिल्या आठवड्यात पहिल्याच फेरीत हरली, दुसऱ्या आठवड्यात एक सामना जिंकली. तिसरी मुलगी तर दोन्ही आठवडे पात्रतेतच अडकली, तरी रडली नाही, कारण तिला रोज खेळायला कोणीतरी होतं. हिशेब मुलींनीच ठेवला होता. परत आल्यावर वही माझ्या हातात दिली, मी सवयीने लाल पेन काढलं आणि शेवटच्या पानापर्यंत ते टेकवायला जागा सापडली नाही. त्या पानावर लिहिलं होतं: "उरले १,१४० रुपये. कुणी वाटून घ्यायचे नाहीत. पुढच्या दौऱ्याचं गटिंग."