झेंडूची माळ आणि चमचाभर तेल

आमच्या दारातली प्रीमियर पद्मिनी अठरा वर्षे जागची हलली नव्हती. पण त्या अठराही दसऱ्यांना तिच्या बॉनेटवर झेंडूची माळ चढली. हळदकुंकू लागले, नारळ फुटला, पेढा ठेवला गेला. चाकांत हवा आहे की नाही, हे मात्र कोणी वाकून पाहिले नाही. ज्या घरात हे चालले ते माझेच माहेर, आणि माळ ओवणारीही मीच. तेव्हा आज जे कडू बोलणार आहे, त्याचा पहिला घोट मीच घेते.

अण्णा पाटबंधारे खात्यात, भातसानगरला. मुंबईच्या नळांना ज्या धरणाचे पाणी जाते, त्या धरणावर त्यांची हयात गेली. पावसाळा तोंडावर आला की दरवाजे तपासायचे, ग्रीस भरायचे, हीच त्यांची पूजा. निवृत्तीनंतर त्यांनी जवळच घर बांधले. गाडी 1978 सालची, दुसऱ्याच्या हातची घेतलेली. दर रविवारी तिचे तेलपाणी झाल्यावाचून अण्णा चहाला बसत नसत. पुढे त्यांची नजर अधू झाली, गाडी शेडखाली गेली, वर ताडपत्री आली, आणि अण्णा गेल्यावर आम्ही भावंडांनी एकमुखाने ठरवले, "राहू दे. अण्णांची आठवण आहे!"

ही आठवण उंदरांनी कुरतडली, शहापूरच्या पावसाने गंजवली. शेवटी आईच म्हणाली, "चालती करणार असशील तर कर, नाहीतर भंगारवाल्याला बोलाव. मढे दारात ठेवून त्याला हार घालायचा नसतो."

मी दुकान शोधायला निघाले. शहरातल्या पहिल्या दुकानाला काचेचे दार होते. मालकाने गाडीचा फोटो पाहिला आणि पहिला प्रश्न केला, "रंग कोणता हवा?" दुसऱ्या दुकानात म्हणाले, "जुने इंजिन काढून टाकू, नव्या गाडीचे बसवू, थंड हवेचे यंत्रही बसेल." म्हणजे अण्णांची गाडी म्हणून उरणार काय, तर पत्रा! आणि आकडा असा सांगितला की तेवढ्यात नवी छोटी मोटार दारात यावी. ही दुरुस्ती नव्हे, हा मेकअप आहे. लग्नाच्या वरातीत मिरवायला बरा.

तिसरा माणूस भेटला आसनगावाजवळ, हमरस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये. वय सत्तरीचे. त्याने रंगाचे नावही काढले नाही. विचारले, "ताई, चालता चालता बंद पडली, की चांगली असताना उभी केली? टाकीत पेट्रोल होते? आणि मधल्या काळात कोणी स्टार्टर मारून पाहिला का?"

मी म्हटले, "नाही."

"बरे केलेत."

का बरे केले, तेही त्याने सांगितले. वर्षानुवर्षे उभ्या इंजिनात सिलिंडर कोरडे पडतात, पिस्टनच्या रिंगा चिकटतात. अशा वेळी जोर केला तर सिलिंडरला चरे पडतात आणि बरे होण्यासारखे इंजिन कायमचे जाते. म्हणून त्याने चारही प्लग काढले, प्रत्येक भोकातून चमचाभर तेल सोडले आणि चार दिवस गाडीला हात लावला नाही. पाचव्या दिवशी पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवले. ते फिरले. मग राळेसारखे झालेले जुने पेट्रोल टाकीतून काढले, कार्ब्युरेटर उकलून धुतला, ब्रेकची रबरे बदलली. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून इंधनाच्या नळ्या आणि पंपातला पडदाही नवा घातला. सुटे भाग त्याने कुर्ल्याहून आणवले.

कुर्ल्याहूनच का, हेही ऐका. वालचंद हिराचंदांनी 1944 साली स्थापलेल्या प्रीमियर कंपनीचा कारखाना कुर्ल्याला, जुन्या आग्रा रोडवर होता. तोच रस्ता ठाण्या-भिवंडीवरून आमच्या शहापुरात येतो आणि पुढे कसाऱ्याचा घाट चढतो. फियाट म्हणून आलेली ही गाडी 1974 पासून पद्मिनी झाली. म्हणजे ही आमच्याच रस्त्याची लेक! ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निघाली, तेव्हा किती जणांनी डोळे पुसले, किती फोटो काढले! पण या गाड्या ज्या हातांनी चालत्या ठेवल्या, ते हात आता काय करतात, असे विचारणारा एकही अश्रू मला त्यात दिसला नाही.

सरकारचा न्यायही आमच्या माळेसारखाच. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. मग दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. त्याची फी 2022 मध्ये 600 वरून 5,000 रुपये झाली, आणि 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीला 10,000. मात्र गाडीने पन्नाशी ओलांडली की 2021 च्या नियमांनुसार ती 'व्हिंटेज' ठरू शकते. मग मान मोठा, पण रोज चालवायची नाही. प्रदर्शनात न्यावी, मिरवणुकीत न्यावी. म्हणजे राबत असेल तोवर दंड, आणि बसून राहिली की सन्मान! आमची गाडी पन्नाशी गाठणार 2028 साली. मधली वर्षे तिला सांभाळणार कोण? नियम नव्हे. पत्र्याच्या शेडमधला तो माणूस.

कोणी म्हणेल, बाई, जुन्या गाड्या धूर ओकतात, त्यांत ना हवेची पिशवी, ना नवे ब्रेक. कबूल. अशी गाडी घेऊन रोज ठाण्याला जा, असे मी म्हणत नाही. कोणी म्हणेल, एवढा पैसा आणि जागा आहे कोणाकडे? तेही कबूल. मग विका! चालवणाऱ्याला द्या, नाहीतर नोंदणी रद्द करून रीतसर मोडीत काढा. विकण्यात पाप नाही, मोडण्यातही नाही. पाप आहे ते कुजत ठेवून त्याला प्रेम म्हणण्यात. वडिलांच्या वस्तूवर प्रेम असते तर आम्ही पंधरा दिवसांतून एकदा इंजिन चालवले असते. त्याला लागला असता पाव तास. तेवढाही आम्ही दिला नाही, आणि माळ मात्र सव्वा हात लांब घातली.

मिस्त्रींना मी विचारले, हे काम पुढे कोण करणार? त्यांचा मुलगा माल पोचवण्याच्या गाडीवर आहे. हाताखाली जवळच्या पाड्यावरचा एक पोरगा तेवढा आहे. नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर नसतोच, तेव्हा तो शिकणार तरी कशावर? आमच्यासारख्यांनी ताडपत्रीखाली दडवलेल्या गाड्यांवरच. म्हणून सांगते, काचेचे दार शोधू नका. जो आधी रंग विचारतो त्याला नमस्कार करून निघा. जो आधी दुखणे विचारतो त्याच्याकडे गाडी सोडा, आणि मजुरीत घासाघीस करू नका.

गाडी चालू झाली. कागदांचे दंडासह जे भरायचे ते भरले. रंग अजून जुनाच आहे, दाराला पोचा आहे. या दसऱ्याला माळ घातली, पण आधी तेलाची कांडी काढून पाहिली. संध्याकाळी आईला पुढे बसवून आसनगावापर्यंत नेले. स्टिअरिंगजवळचा गिअर माझ्या हातून खरखरला, तशी ती म्हणाली, "अण्णा असते तर उतरवले असते तुला."

दिवाळीची साफसफाई आता निघेलच. माळे झाडाल, भांडी घासाल. अंगणातली ती ताडपत्री तेवढी उचलून पाहा.